वेगळा केलेला कचरा पुढे एकत्रच होतो, मग घरी आणि ऑफिसात वेगळा कशासाठी करायचा?

ओंजळ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

आमच्या लोअर परळच्या ऑफिसात कचरा कमी करण्यासाठी एक समिती नेमली आहे आणि तिच्यात माझं नाव आहे. प्रत्येक मजल्यावर ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा डबा आधीपासून ठेवलेला आहे. पण संध्याकाळी हाऊसकीपिंगची मुलं दोन्ही डबे एकाच काळ्या पिशवीत ओततात, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे पहिल्याच बैठकीत एक सहकारी म्हणाला, "आपण वेगळं करायचं, त्यांनी एकत्र करायचं, मग हा खटाटोप कोणासाठी?" यावर कोणालाच काही बोलता आलं नाही.

घरी मुलुंडला आमच्याकडे ओलं-सुकं वेगळं असतंच. सासूबाई त्याबाबतीत फार काटेकोर आहेत, दुधाची पिशवीसुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालतात. पण खाली सोसायटीच्या मोठ्या डब्यापुढे काय होतं ते आम्हाला दिसत नाही.

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. वेगळा केलेला कचरा खरंच कुठे उपयोगी पडतो का? आणि दीड-दोनशे माणसांच्या ऑफिसात सुरुवात नेमकी कुठून करावी? पोस्टर लावण्यापलीकडचं काहीतरी हवं आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

पुलाखाली | सोमवार, रात्री ९.५२

वाचतोय. आमच्याकडेही हेच चित्र आहे, फक्त डबे तीन आहेत.

---

खडीसाखर | सोमवार, रात्री १०.१५

धागा चांगला आहे, पण मला एक मुळातच पटत नाही. सगळा भार घरातल्या बाईवर आणि ऑफिसातल्या समितीवर का टाकायचा? वेफर्सचं पाकीट आतून चंदेरी, बाहेरून रंगीत, मध्ये आणखी एखादा थर. ते सुटं होत नाही, म्हणून कोणी विकत घेत नाही. ते मी कितीही धुऊन निळ्या डब्यात टाकलं तरी त्याचं काय होणार? ज्या कंपनीने ते बाजारात आणलं तिला विचारा. २०१६च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत उत्पादकाची जबाबदारी आहेच, २०२२मध्ये त्यावर आणखी तपशीलवार मार्गदर्शक सूचनाही आल्या. आपण मात्र एकमेकांचे डबे तपासत बसलोय.

---

तळमजला | सोमवार, रात्री ११.३०

मी इमारतींच्या देखभालीच्या धंद्यात आहे, अंधेरी-पवई पट्ट्यातली ऑफिसं सांभाळतो. ओंजळताई, काळी पिशवी दिसली म्हणजे पुढे सगळं मातीत गेलं असं समजू नका. जवळपास प्रत्येक मोठ्या इमारतीच्या तळघरात भंगाराची एक खोली असते. पुठ्ठा, पांढरा कागद, पाण्याच्या बाटल्या, कॅन हे सगळं मुलं तिथे परत निवडून काढतात, कारण त्याला पैसे मिळतात. त्यांना निवडायला कोणी सांगावं लागत नाही.

नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी. वर मजल्यावर त्या पिशवीत उरलेली डाळ, चहाचा चोथा, अर्धा प्यालेला कप जातो. पिशवी खाली येईपर्यंत सगळं एकमेकांत मुरलेलं असतं. कोरा कागद डाळीत भिजला की त्याची किंमत संपली. भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, घेतलाच तर वजनात कापतो. म्हणजे सुक्याला तुमच्या पोस्टरची गरज नाही, त्याला गिऱ्हाईक आहे. गरज आहे ती त्याला कोरडं ठेवण्याची.

म्हणून मी कुठल्याही ऑफिसला पहिलं काम सांगतो ते हे: टेबलाखालचे छोटे डबे काढून टाका. प्रत्येक टेबलाखाली डबा असला की माणूस केळ्याचं साल, पावती आणि प्लॅस्टिकचा चमचा न बघता एकाच हाताने टाकतो. डबा लांब गेला की उठावं लागतं, आणि उठून गेलेला माणूस दोन डब्यांतला फरक बघतो. सुरुवातीला बोंबाबोंब होते. वरिष्ठांच्या केबिनमधला डबा राहिला तर ती थांबतच नाही, त्यामुळे पहिला डबा तिथला काढा.

दुसरं, ओला डबा फक्त पॅन्ट्रीत. कामाच्या जागेवर ओलं नकोच. पॅन्ट्रीच्या सिंकला चाळणी, शेजारी ओल्याचा डबा.

तिसरं, काळ्या पिशव्यांची खरेदीच बंद करा. सुक्याला पारदर्शक पिशवी. आत काय आहे ते दिसलं की कोणी त्यात डाळ ओतत नाही.

आणि चौथी गोष्ट, जिच्याबद्दल समित्या बोलत नाहीत: भंगाराचे पैसे कोणाला जातात? कंपनीच्या हिशेबात ती रक्कम किरकोळ असते. ती हाऊसकीपिंगच्या मुलांना मिळेल असं कंत्राटात लिहून द्या. त्या एका ओळीने जे होतं ते प्रशिक्षणाने होत नाही. सोबत जाड हातमोजेही लिहा.

---

पुलाखाली | सोमवार, रात्री ११.४१

तळमजला, हा प्रतिसाद छापून आमच्या अॅडमिनच्या टेबलावर ठेवतो. दोन्ही बाजूंनी छापतो, काळजी नसावी :)

---

साठफुटी | मंगळवार, सकाळी ७.२०

आमचं घर प्लॅस्टिकच्या गाळ्यावर चालतं. धारावीत भंगाराच्या गाळ्यांच्या तेरा कंपाउंडला ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहितो.

तुमच्या ऑफिसातून, सोसायटीतून, वेचणाऱ्यांकडून माल आधी छोट्या भंगारवाल्याकडे जातो, तिथून मोठ्याकडे, मग आमच्याकडे गोणीने येतो. गाळ्यात बायका बसून निवडतात. आधी जातीप्रमाणे, मग रंगाप्रमाणे. पाण्याची बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं, कारण दोघांचं प्लॅस्टिक एक नसतं. शाम्पूची बाटली वेगळी, बादलीचा तुकडा वेगळा. जुनी बाई तुकडा हातात वाकवते, आवाज ऐकते आणि कुठल्या ढिगात टाकायचा ते सांगते. शंका आलीच तर टोक जाळून वासावरून ओळखतात. मग ग्राइंडरमध्ये त्याचा चुरा होतो, हौदात धुतात, पत्र्यावर वाळवतात. वाळलेला चुरा वितळवून त्याची तार काढतात, तार कापून दाणा होतो. तो दाणा गोण्यांतून कारखान्यात जातो आणि बादली, पाइप, खुर्ची होऊन परत बाजारात येतो.

आता कशाचं काही होत नाही ते सांगतो. हॉटेलातून आलेला तेलकट डबा, ज्यात रश्शाचा थर वाळलाय. तो धुवायला पाण्या-साबणाचे जेवढे पैसे लागतात तेवढे दाण्यातून सुटत नाहीत. तुम्ही घरी जेवणानंतर तोच डबा भांड्यांबरोबर विसळला तर तो माल होतो. खडीसाखर म्हणतात ते वेफर्सचं पाकीट आमच्याकडे फुकट दिलं तरी नको, हे खरं आहे. त्यातलं जे गोळा होतं ते सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातं.

अजून एक. फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई सुक्या कचऱ्यात सुटी टाकू नका. कागदात गुंडाळा, वर ठळक लिहा. निवडणाऱ्या बायकांचे हात तिथे कापतात. तुमच्या डब्यापासून आमच्या गोणीपर्यंत कमीत कमी चार जोड्या हात त्यात जातात.

---

मागची_गॅलरी | मंगळवार, सकाळी १०.०५

साठफुटी, मनापासून आभार. हे कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नसतं.

मला वेगळी अडचण मांडायची आहे. आमची लालबागची खोली १८० चौरस फूट. मोरी, ओटा, कपाट, गणपतीचं मखर माळ्यावर. इथे तीन डबे ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन जागा दाखवावी. त्यात गॅलरी सामाईक, बाहेर काही ठेवलं की शेजारी बोलतात, उंदीर तर आहेतच. कचरा वेगळा करणं ही टॉवरवाल्यांची हौस आहे असं आमच्याकडे पुष्कळांना वाटतं, आणि ते सगळंच चूक नाही.

---

बटाट्याची_साल | मंगळवार, सकाळी १०.३८

मागची_गॅलरी, मी परळच्या चाळीतच वाढले. आमची आई सुक्याला डबा ठेवायचीच नाही. दाराच्या मागे खिळ्याला एक कापडी पिशवी, तीत कागद, पुठ्ठा, धुतलेल्या पिशव्या. सुकं असलं की वास नाही, उंदीर नाही, आठवडाभर राहिलं तरी चालतं. रोज बाहेर जायला हवं ते फक्त ओलं. म्हणजे जागा डब्यापुरती एकच लागते, ती आजही तुमच्याकडे आहेच.

आणि तेव्हा कचरा होताच किती! तेलाला बरणी न्यायची, रद्दी रद्दीवाल्याकडे, जुन्या साड्या बोहारणीला. साडीवर पातेलं घेताना आईची आणि तिची जी घासाघीस चालायची ती बघायला अख्खी गॅलरी गोळा व्हायची.

---

मागची_गॅलरी | मंगळवार, सकाळी १०.५०

दाराच्या मागचा खिळा आवडला. आज लावतो.

---

कापूसकोंड्या | मंगळवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. ऑफिसात सगळ्यात जास्त कशाचा ढीग होत असेल तर कागदी कपांचा. आमच्या इथे लोक अभिमानाने सांगतात की आम्ही प्लॅस्टिकचे कप बंद करून कागदाचे आणले. अहो, त्या कागदाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर गरम चहा धरेल कसा? तो थर कागदापासून सुटत नाही म्हणून रद्दीतही जात नाही. दिवसाला माणशी तीन-चार चहा धरा आणि आपल्या ऑफिसातल्या माणसांनी गुणा.

स्टीलचे पेले किंवा काचेचे ग्लास आणा, असं मी सुचवलं. लगेच वाद सुरू झाला, धुणार कोण?

---

खडीसाखर | मंगळवार, दुपारी १.२२

धुणार कोण हा भारतातल्या प्रत्येक सुधारणेचा शेवटचा प्रश्न असतो.

---

तळमजला | मंगळवार, दुपारी २.००

कापूसकोंड्या, आमच्या दोन-तीन जागी हे जमलंय ते असं. कर्मचाऱ्यांना नाव लिहिलेला स्वतःचा मग, तो ज्याचा त्याने विसळायचा. पाहुण्यांसाठी पॅन्ट्रीत कपबशा, त्या पॅन्ट्रीवाला धुतो. कागदी कपांची खरेदी पूर्ण थांबवायची. 'गरज पडली तर' म्हणून एक खोकं ठेवलंत की महिन्याभरात सगळे परत त्यावर जातात.

पाण्याचंही तसंच. बैठकीत प्रत्येकापुढे अर्ध्या लिटरची बाटली ठेवायची पद्धत मोडा. चार घोट पिऊन लोक उठतात, पाणी भरलेली बाटली कचऱ्यात जाते. जग आणि ग्लास ठेवले की झालं.

---

डबेवाली_राधा | मंगळवार, दुपारी ३.१५

मंडळी, घरून डबा न्या. एवढं साधं आहे. बाहेरून मागवलेल्या एका थाळीबरोबर डबे, वाट्या, चमचे, टिश्यू, चटणीच्या पुड्या, वर कागदी पिशवी. स्टीलच्या डब्यातून यातलं काहीच निघत नाही. या शहरात शंभराहून जास्त वर्षं डबेवाले तोच डबा रोज नेतात आणि रोज परत आणतात. परत येणाऱ्या भांड्याची सगळी व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे आणि आपण एकदा वापरून फेकायच्या डब्यांवर चर्चा करतोय.

---

कापूसकोंड्या | मंगळवार, दुपारी ३.२०

राधाताई, एकटा राहतो, सकाळी ७.१२ ची विरार पकडतो. डबा कोण करणार?

---

डबेवाली_राधा | मंगळवार, दुपारी ३.२६

रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी दे. दहा मिनिटं. आणि ज्या दिवशी मागवशील त्या दिवशी 'चमचे नकोत' एवढं तरी टिचकी मार.

---

मातीचा_वास | मंगळवार, रात्री ८.४५

ओल्याबद्दल अजून कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुंबईच्या घरगुती कचऱ्यात मोठा वाटा ओल्याचाच असतो. तो घरात जिरवला तर उरतं फारच थोडं. मी गोरेगावला चौथ्या मजल्यावर, ग्रिलच्या आत भोकं पाडलेल्या दोन बादल्यांमध्ये खत करते.

लोकांना भीती वाटते वासाची. वास येतो तो हवा कमी आणि पाणी जास्त झाल्यावर. आपला स्वयंपाकघरातला कचरा फार ओला असतो, त्यात नत्र जास्त. त्याला जोड हवी कोरड्या, तपकिरी गोष्टींची. वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्यांचा भुसा म्हणजे कोकोपीट, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. ढोबळमानाने एक थर ओल्याचा, तेवढाच थर सुक्याचा. दर दोन-तीन दिवसांनी काठीने हलवायचं, म्हणजे हवा खेळते. सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत घालायचं. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना, ती कामाला लागलेली असते. जाडसर करड्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, खातात भरपूर आणि त्रास काही देत नाहीत. त्या फारच झाल्या तर ओलं जास्त झालंय असं समजून भुसा वाढवा.

पावसाळा हा मुंबईतला खरा कस. जूनच्या आधी पोतंभर वाळका पाला भरून ठेवा. सोसायटीचा माळी तो जाळण्यापेक्षा तुम्हाला आनंदाने देईल. पावसाळ्यात काहीच वाळत नाही, तेव्हा हे पोतं सोन्याच्या मोलाचं.

लिंबाच्या साली थोड्या, शिजलेलं अन्न थोडं, मासळीची डोकी आणि हाडं अजिबात नको, मांजरं ग्रिलवर चढतात. नारळाची करवंटी वर्षानुवर्षं तशीच राहते, ती बाहेरच.

---

सात_बंगला | मंगळवार, रात्री ९.३०

मातीचा_वास, सुंदर लिहिलंत. हेच मोठ्या प्रमाणात कसं चालतं ते मी लिहितो. आमची वर्सोव्याची सोसायटी, मी सेक्रेटरी.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे रोज १०० किलोहून जास्त कचरा करणारे कचऱ्याचे मोठे उत्पादक ठरले. त्याच्या आधारे महापालिकेने २०१७मध्ये मोठ्या सोसायट्यांना सांगितलं की २ ऑक्टोबरपासून ओला कचरा आवारातच जिरवा. आमच्याकडे सर्वसाधारण सभेत त्यावर जेवढा आरडाओरडा झाला तेवढा लिफ्ट बदलतानाही झाला नव्हता. वास येईल, डास होतील, फ्लॅटची किंमत उतरेल.

आधीच्या कमिटीने एका पुरवठादाराकडून चोवीस तासांत खत करणारं विजेचं यंत्र घेतलं. त्यात कचरा तापवून वाळवला जातो, एवढंच. बाहेर येतो तो कोरडा भुगा दिसायला खतासारखा, पण कुजण्याची क्रिया झालेलीच नसते. कुंडीत घालून पाणी मारलं की पुन्हा वास. त्याला पुढे काही आठवडे मुरू द्यावं लागतं, हे विकताना सांगितलं गेलं नव्हतं. वीजबिल वेगळंच. कोणी यंत्र घ्यायच्या विचारात असेल तर आधीच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन सहा महिन्यांनी ते चालू आहे का ते बघून या.

आता आमच्याकडे साधे विटांचे जाळीदार हौद आहेत, वर पत्रा. दोन बायका रोज सकाळी येऊन बघतात. या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या कचरावेचक बायका मुंबईत आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं. स्त्री मुक्ती संघटनेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी परिसर विकास नावाचं काम सुरू केलं, त्यातून अनेक जणी खताचे हौद आणि बायोगॅस सांभाळायला शिकल्या. जी बाई काल उकिरड्यावर वेचत होती तीच आज आमच्या रहिवाशांना सांगते, "यात पिशवी टाकू नका." लोक माझं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात, कारण तिला काम कळतं.

ज्यांच्याकडे मोठं कॅन्टीन आहे, म्हणजे ओंजळताईंचं ऑफिस असेल तर, त्यांनी बायोगॅसचाही विचार करावा. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला निसर्गऋण प्रकल्प त्यासाठीच आहे. शिजलेलं अन्न त्यात चालतं, गॅस मिळतो, खाली खत उरतं. पण त्याला जागा आणि रोजचा ठरावीक माल लागतो, लहान ऑफिसाचं ते काम नाही.

---

गोवंडी_स्टेशन | मंगळवार, रात्री ११.०५

सगळे प्रतिसाद वाचले. कोणी कुठे राहतं त्यावर प्रश्न बदलतो, म्हणून आमच्या बाजूने लिहिते.

देवनारचं डम्पिंग १९२७ पासून आहे. मुंबईचा कचरा आमच्या शेजारी येऊन पडतो त्याला आता शंभर वर्षं होत आली. जानेवारी २०१६ ला त्याला मोठी आग लागली तेव्हा धूर सगळ्या शहरावर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, बातम्या झाल्या. आमच्याकडे धूर त्याच्या आधीही होता आणि नंतरही. रात्री खिडकी लावून झोपायचं, सकाळी घसा खवखवतो. लहान मुलांचा खोकला जात नाही.

ही आग लागते कशी? कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात ओलं हवेशिवाय कुजतं, त्यातून मिथेन निघतो, तो पेट घेतो. वर प्लॅस्टिक आणि कापड असतंच जळायला. ओलं आणि सुकं एकत्र गाडलं की वास, गॅस आणि इंधन एकाच जागी येतं. खालून काळं पाणी झिरपतं ते खाडीकडे.

म्हणून "वेगळा केला तरी पुढे एकत्र होतो" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. होत असेल काही ठिकाणी, ते भांडून बदला. पण ज्या डब्यातलं ओलं सोसायटीतच जिरलं, ते एकत्र करायला उरलंच कुठे? तेवढं तरी आमच्याकडे आलं नाही. मुलुंडचं डम्पिंग २०१८ला बंद झालं. तिथला कचरा हवेत विरला नाही, बहुतेक आता कांजूरमार्गला जातो, आणि तिथल्या रहिवाशांची वासाची तक्रार चालूच आहे. शहरात रोज सहा हजार टनांहून जास्त कचरा निघतो. तो कोणाच्या तरी दारात जातोच.

---

बटाट्याची_साल | मंगळवार, रात्री ११.२०

गोवंडी_स्टेशन, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी मुलुंड पूर्वेला राहते. डम्पिंग बंद झाल्यावर आम्ही पेढे वाटले होते. कांजूरचा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणी केला नाही.

---

खडीसाखर | बुधवार, सकाळी ८.१०

गोवंडी_स्टेशन यांच्या प्रतिसादानंतर माझा मुद्दा थोडा नीट मांडतो. उत्पादकांवर दबाव हवाच, तो मी सोडत नाही. राज्यात २३ जून २०१८ला प्लॅस्टिकबंदी लागू झाली, देशात १ जुलै २०२२ला एकदाच वापरायच्या काही वस्तू बंद झाल्या. २६ जुलै २००५च्या पुरात पिशव्यांनी तुंबलेली गटारं ज्यांनी पाहिली त्यांना हे का झालं ते सांगायला नको. तरी भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मिळतेच. बंदी राबवायला माणसं लागतात आणि पिशवी नाकारायलाही. पण ओल्याच्या बाबतीत कुठल्याही कंपनीची वाट बघायची गरज नाही, हे मान्य. केळ्याचं साल कोणी कारखान्यात बनवत नाही.

---

निवांत_नाही | बुधवार, सकाळी ११.४५

लहान बाळ आहे घरात. डायपरचं काय करायचं? ओल्यात की सुक्यात? सॅनिटरी पॅडचंही तेच. विचारायला संकोच वाटतो म्हणून कोणी विचारत नाही.

---

सात_बंगला | बुधवार, दुपारी १२.१५

निवांत_नाही, कशातच नाही. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल खूण करायची आणि वेगळंच द्यायचं, म्हणजे निवडणाऱ्या माणसाला उघडून बघावं लागत नाही. २०२५पासून महापालिकेने हा कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली आहे, सोसायटीने नोंदणी करावी लागते. सेक्रेटरीला सांगा. ऑफिसांच्या स्वच्छतागृहांतही त्यासाठी वेगळा झाकणाचा डबा असायला हवा, ओंजळताईंनी समितीत हा मुद्दा घ्यावाच.

निवांत_नाही, घरात असताना कापडी लंगोट जमले तर बाळाच्या अंगालाही बरे.

---

मॉडेम | बुधवार, दुपारी ४.३०

ऑफिसचा धागा आहे आणि ई-कचरा कोणीच काढला नाही! जुने लॅपटॉप, कीबोर्ड, यूपीएसच्या बॅटऱ्या. आमच्या स्टोअरमध्ये पार जुने जाड मॉनिटर अजून आहेत.

ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कंपन्यांसारख्या मोठ्या ग्राहकांनी असा माल नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्वापर करणारा यांनाच द्यायचा असतो. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे दिला की तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. देण्याआधी हार्ड डिस्कवरची माहिती पुसून घ्या, आणि नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागा.

त्याहून महत्त्वाचं, चालणारा लॅपटॉप कचरा नसतो. रॅम वाढवून तो आणखी काही वर्षं चालतो, नाहीतर एखाद्या शाळेला उपयोगी पडतो.

---

साठफुटी | बुधवार, सायंकाळी ६.००

मॉडेम यांना अनुमोदन. वायर जाळतात तिथे उभं राहवत नाही.

दुधाच्या पिशवीबद्दल सांगायचं राहिलं होतं. ओंजळताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीला चांगला भाव असतो, ते प्लॅस्टिक उत्तम. फक्त कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीला लागलेला राहू द्या. ते बारीक तुकडे कोणाच्या हाती लागत नाहीत, थेट गटारात जातात.

---

ओंजळ | बुधवार, रात्री १०.१५

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. सासूबाईंना साठफुटी यांचा निरोप वाचून दाखवला, त्या फार खूश झाल्या. कोपरा त्या आधीपासूनच तोडत नाहीत म्हणे.

आज संध्याकाळी थांबून हाऊसकीपिंगच्या मुलांबरोबर तळघरात गेले. तळमजला यांनी लिहिलंय तशी खोली आमच्याकडेही आहे. वरून एकत्र आलेल्या पिशव्या ती मुलं तिथे रात्री जमिनीवर ओतून परत निवडतात, हातमोज्यांशिवाय. त्यांना विचारलं की वर वेगळं करता येत नाही का, तर म्हणाले, ट्रॉलीला कप्पा एकच आहे आणि एका मजल्याला मिळणारी वेळ ठरलेली. त्यांच्याशी हे बोलायला आमच्यातलं कोणीच कधी खाली गेलं नव्हतं.

बैठकीत मी एवढं मांडणार आहे: दोन कप्प्यांच्या ट्रॉल्या, हातमोजे, टेबलाखालचे डबे बंद, ओलं फक्त पॅन्ट्रीत, कागदी कपांची पुढची मागणी रद्द, भंगाराचे पैसे मुलांना. ई-कचरा आणि स्वच्छतागृहातले डबे त्यानंतरच्या बैठकीत. त्या सहकाऱ्याला उत्तर म्हणून गोवंडी_स्टेशन यांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवायची इच्छा आहे. चालेल का?

---

गोवंडी_स्टेशन | बुधवार, रात्री १०.३२

वाचा ना. नाव नका घेऊ, पण गोवंडी म्हणा.

---

तळमजला | बुधवार, रात्री १०.५०

ओंजळताई, तळघरात गेलात हे उत्तम केलंत. ट्रॉल्या नव्या घेऊ नका, आहेत त्यांनाच मध्ये पडदी आणि दोन पिशव्यांचे हूक लावून मिळतात. आणि बैठकीला हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरला बसवा, बोलवून उभा ठेवू नका.

---

कापूसकोंड्या | गुरुवार, सकाळी ७.३०

ट्रेनमधून. राधाताई, भाताला फोडणी दिली आहे. मातीचा_वास, एक शंका: चहाच्या पिशवीला पिन असते ती काढूनच खतात टाकायची ना?

---

मातीचा_वास | गुरुवार, सकाळी ७.४४

पिन काढा आणि पिशवी फाडून आतली पत्ती तेवढी टाका. काही पिशव्या कागदासारख्या दिसतात पण त्यात प्लॅस्टिकचा धागा असतो, त्या कुजत नाहीत. त्यापेक्षा सुटी पत्ती आणि गाळणी घ्या, चहाही चांगला होतो.